पहिला घाव मामाचा

गोव्यात डिचोलीपासून पेडण्यापर्यंत आमच्याकडे तांबड्या भोपळ्याला दुदी म्हणतात. मी पेडण्याची. लग्न होऊन डिचोलीजवळच्या सर्वणला आले तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवायला सुरुवात केली ती मागच्या दारापासून. आधी विहीर, मग गोठा, मग न्हाणीघराच्या कौलांवर चढलेला भोपळ्याचा वेल. देवघर त्यानंतर. सासूबाईंचं नाव गंगा. वाड्यावरची लहानथोर माणसं त्यांना गंगामाय म्हणायची. मीही तेच म्हणू लागले.

भोपळा लावावा तो गंगामायनीच. पाऊस जवळ आला की न्हाणीघराच्या मागे खड्डा खणून त्यात शेणखत, चुलीतली राख आणि सुका पालापाचोळा घालून ठेवायच्या. मिरगाच्या आसपास बी रुजत घालायचं. श्रावणात वेल पिवळ्या फुलांनी भरायचा, पण पावसात मधमाश्या कुठल्या यायला! मग गंगामाय सकाळी तोंड धुवायच्या आधी वेलाकडे जायच्या. लांब दांड्याचं फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलायच्या आणि ज्या फुलाच्या बुडाशी इवलीशी हिरवी गोळी असेल, त्याच्या पोटात ते अलगद फिरवायचं. "लग्न लायलें," म्हणायच्या आणि मग चूळ भरायला जायच्या. उरलेल्या वांझ फुलांची भजी व्हायची.

दसऱ्यानंतर मुख्य रस्त्यानं खनिजाचे ट्रक सुरू झाले की आमच्या वाड्यापर्यंत तांबडी धूळ यायची. गंगामाय तांब्यानं वेलाची पानं धुवायच्या. मी हसले तर म्हणायच्या, "हांस, हांस. तुजें तोंड धुतें मगो तूं? ताका हात नात."

दिवाळीच्या सुमारास भोपळ्याच्या सालीत नख रुतेनासं झालं की तो देठासकट तोडायचा. देठ मोडला तर भोपळा टिकत नाही. चार उन्हं दाखवून तो माळ्यावर भाताच्या पेंढ्यात ठेवायचा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत काळजी नाही.

आता मुख्य गोष्ट. अखंड भोपळ्याला बाईनं पहिला घाव घालायचा नाही, ही रीत माझ्या माहेरीही होती. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, आईनं त्याच्यावर कोयता कसा उचलायचा, असं माझी आजी सांगायची. पुरुषमाणसानं एक घाव घातला, भोपळ्याची दोन भकलं झाली, की पुढचं सगळं बायकांचं.

गंगामायच्या घरी हा घाव घालायचा कृष्णनाथमामा.

तो नात्यानं कोणीच नव्हता. दगडी गडग्यापलीकडचं घर त्याचं. डिचोलीच्या बाजारात त्याचं शिंप्याचं दुकान होतं, आणि घरच्या पडवीतही एक मशीन होतं. माझे सासरे गेले तेव्हा माझा नवरा नुकता बोलू लागला होता आणि नणंद पाळण्यात होती. त्या वर्षी माळ्यावर भोपळे होते आणि घरात कापायला पुरुष नव्हता. एक भोपळा कुजून त्याचं पाणी माळ्यावरून पडवीत गळलं, ते पलीकडून कृष्णनाथाच्या आईनं पाहिलं. तिनं आपल्या मुलाला हाक मारली. मिसरूड फुटलेला तो मुलगा गडग्यावरून उडी मारून आला, त्यानं कोयता मागितला आणि एका घावात भोपळा दुभंगला. गंगामायनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि अर्धा भोपळा त्याच्या हातात दिला. तेव्हापासून तो त्यांचा भाऊ. भाऊबीज, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधणं, सगळ्याला कृष्णनाथ. मार्गशीर्षात पहिला भोपळा काढायचा तेव्हा माझा नवरा गडग्यावरून हाक मारायचा, "मामा, दुदी!" आणि मामा गळ्यातली मापाची टेप तशीच ठेवून यायचा.

माझ्या नवऱ्याचं नाव जयवंत. उभ्या जन्मात मी ते तोंडानं घेतलं नाही. आता घेतलं तर रागवायला ते नाहीत, म्हणून इथे घेते.

जयवंत खाणीवर वजनकाट्यापाशी कामाला होते. वाचनाचं वेड भारी. घरात मराठी वर्तमानपत्र आलं नाही तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं नाही. मामा तितकाच कोंकणीचा. शहाऐंशी साली गोव्यात दुसरा विषयच नव्हता. राज्याची भाषा कोंकणी की मराठी? सभा, मोर्चे, बंद. रस्त्यावर झाडं आडवी पाडलेली, म्हापशाची बस आज येईल की नाही कुणी सांगू शकत नसे. हे दोघं आमच्या सोप्यावर बसून चहाबरोबर रोज भांडायचे. भांडायचे मात्र एकाच बोलीत, आणि तेही इतक्या झोकात की रस्त्यानं जाणारा थांबून ऐकायचा.

"आरती खंयच्या भाशेंत म्हणटा तूं, मामा?"

"आणि ठेंच लागता तेन्ना 'आवय गे' म्हणटा तें खंयच्या भाशेंत, भाच्या?"

गंगामाय आतून म्हणायच्या, "माका खंयच्याच भाशेंत कोण कितें विचारना. च्या आनीक जाय?"

हे सगळं हसतखेळत चालायचं. पण त्या डिसेंबरात हवाच बिघडली होती. एका संध्याकाळी मामा म्हणाला, "ह्या घरांत येवपी पेपर आदीं बंद करूंक जाय." जयवंत दिवसभर रस्त्यात अडकून, कित्येक मैल चालत घरी आले होते. ते ताडकन उठले. "आमच्या घरांत कितें वाचप तें सांगपी तूं कोण? तूं आमच्या घरचो कोण?"

मामाच्या हातातली कपबशी थांबली. त्यानं ती खाली ठेवली. चहा अर्धा होता. मग तो उठला, आणि नेहमीसारखा गडगा ओलांडून न जाता अंगणाच्या पुढच्या वाटेनं, रस्त्यावरून वळसा घालून आपल्या घरी गेला. इतक्या वर्षांत तो त्या वाटेनं गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला. गंगामाय दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि कपबशी उचलून आत गेल्या.

चारआठ दिवसांनी त्यांनी माळ्यावरून पहिला भोपळा काढायला लावला. पाट मांडला, कोयता ठेवला आणि जयवंतना मामाला बोलवायला सांगितलं, "मामाक आपोवन हाड."

"तो कित्याक? मी कापतां. मी दादलो न्हय?"

"पयलो घाव मामाचो. मागीर तूं कितेंय काप."

"मग तूंच आपय ताका."

"मी आपयलो जाल्यार तो धांवत येतलो," गंगामाय म्हणाल्या. "पूण शब्द तुझो. माझो न्हय."

जयवंत शर्ट चढवून बाहेर निघून गेले. गंगामायनी कोयता खुंटीला लावला. भोपळा मात्र परत माळ्यावर गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत बूट घालायला खुर्चीवर बसले, तर त्यांचे बूट एका बाजूला सारलेले आणि त्या जागी भोपळा. त्यांनी तो उचलून कोपऱ्यात ठेवला. संध्याकाळी तो न्हाणीच्या दारात होता. मग माळ्यावरचे बाकीचे भोपळेही एकेक करून खाली आले. एक खाटेच्या पायगती, एक जनेलात गजांना टेकून, एक वर्तमानपत्रावर वजन म्हणून. जयवंत एक शब्द बोलत नसत. भोपळा उचलायचे, दुसरीकडे ठेवायचे. गंगामायही एक शब्द बोलत नसत. ते कामावर गेले की भोपळा पुन्हा त्यांच्या वाटेत. एकदा अंधारलेल्या माजघरात त्यांचा अंगठा भोपळ्याला असा लागला की ते कळवळून ओरडले, "आवय गे!" आणि आतून गंगामाय शांतपणे म्हणाल्या, "मामाक सांगूंक जाय. तो खोशी जातलो."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी विहिरीवर गेले.

म्हापशाला दिलेली माझी नणंद ज्योती एकदा शुक्रवारचा बाजार आटोपून आली. तिला गंगामायच्या हातचे भोपळ्याचे घारगे जीव की प्राण. दारातूनच ती थबकली. "आई, दुदयांचो बाजार मांडला कितें?"

"ना गो. तुझ्या भावाचेर राखण दवरल्या."

सगळी कथा ऐकून ज्योती भावाला म्हणाली, "दादा, एक हाक मारून सोड. म्हाका घारगे जाय." दादांनी वर्तमानपत्र वर धरलं. ज्योती बिचारी पोहे खाऊन परत गेली.

पलीकडे काय चाललंय ते मला शांतामामीकडून कळायचं. मामाची बायको ती. माझी न् तिची विहिरीवर रोज गाठ पडायची, आणि आम्ही दोघींनी आपलं बोलणं काही बंद केलं नव्हतं. ती म्हणाली, "तारा, आमच्याकडेन मार्गशीर्षांत दुदी हाडलो बाजारांतलो. हाणें एक घांस खालो आनी म्हणटा, 'उदक'. ताट कुशीक केलें. आतां मशीन मारीत बसता, पूण तोंड सदां तुमच्या गडग्याकडेन."

"मग येयनात कित्याक?"

"आपयल्याबगर? तो? तूं ताका वळखना."

असा हिवाळा गेला. फेब्रुवारीत भाषेचा कायदा झाला, लोक थोडे निवले. मग शिगमो, म्हणजे आमचा शिमगाही गेला. आमच्या घरातले भोपळे मात्र तसेच. मी जेवायला बसले की मला घरभर भोपळे दिसत आणि पानात मुळ्याची भाजी. नारळाच्या रसात मोहरी वाटून केलेलं भोपळ्याचं सासव, सालीसकट फोडींची गूळ-खोबरं घातलेली भाजी, सगळं मनातल्या मनात शिजवत मी मुळा गिळायची.

मे महिन्याच्या अखेरीस उकाडा असह्य झाला. गोवा घटक राज्य होणार म्हणून रेडिओवर रोज काही ना काही चाललं होतं. त्या आठवड्यात एका दुपारी गंगामायनी जनेलातला भोपळा उचलला आणि अंगठ्यानं दाबून पाहिला. अंगठा आत गेला.

त्या खालीच बसल्या. मी धावले. भोपळा मांडीवर घेऊन त्या त्याच्याकडे पाहत होत्या. पिवळट पाणी लुगड्यावर ओघळत होतं. मी म्हटलं, "जाऊं दी माय, दुसरे आसात."

"पावस पडटकीर ते पळे हेच वाटेन वतले." मग थांबून म्हणाल्या, "बीं खंय आसा, तारा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दरवर्षी पुढच्या सालाचं बी निघायचं ते मामानं कापलेल्या पहिल्या भोपळ्यातून. राखेत घोळवून, वाळवून ते मडक्यात ठेवायचं. यंदा भोपळाच कापला नव्हता. मडकं रिकामं होतं. सगळे भोपळे असेच आतल्या आत कुजले तर लावायला काही उरणार नव्हतं.

"म्हापशाच्या बाजारांत बीं मेळटा," मी म्हटलं.

"तें बीं मेळटा. हें मेळना." त्यांच्या सासूनं लावलेला तो वेल. पण त्यांना टोचत होतं ते वेगळंच. हळू आवाजात म्हणाल्या, "वेल गेलो म्हणटकीर कृष्णनाथ मागीर खंयच्या निमतान येतलो ह्या घरांत? मी मेल्यार खांदो दिवपाक?"

इतक्यात जयवंत कामावरून आले. खाणीवर घटक राज्याचे पेढे वाटले होते, तो पुडा त्यांच्या हातात होता. त्यांनी आईकडे पाहिलं, मांडीवरच्या नासक्या भोपळ्याकडे पाहिलं. जयवंतनी पुडा मेजावर ठेवला, विहिरीवर जाऊन पाय धुतले आणि तसेच ओल्या पायांनी गडग्याकडे निघाले.

गंगामाय मला म्हणाल्या, "तूंय वच. एकलो गेलो जाल्यार परत झगडून येतलो."

मामा पडवीत मशीनवर बसला होता. आम्हाला पाहूनही त्याचा पाय थांबला नाही. मशीन खडखडत राहिलं. जयवंत पायरीशी उभे. मी त्यांच्या मागे. शांतामामी दारात आली आणि माझ्याकडे पाहून तिनं भुवया उडवल्या.

"मामा."

मशीन चालूच.

"आवयन धाडला?" मामानं कापडावरची नजर न काढता विचारलं.

"ना. माझो मीच आयलां."

"मग ही कित्याक आयल्या?"

जयवंतनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वाट दाखोवपाक."

"गडग्याची वाट?" मामाच्या ओठांचा कोपरा जरा हलला, पण पाय थांबला नाही. शिवण संपली. त्यानं दोरा तोडला आणि आता पहिल्यांदाच वर पाहिलं. "जयवंता, एक सांग. तूं विचारिल्लें, मी तुमच्या घरचो कोण. तेन्नाच्यान हांव सोदतां. मामा म्हणूं जाल्यार रगताचो न्हय. शेजारी म्हणूं जाल्यार शेजारी वाड्यार खूब आसात. म्हाका जाप मेळूंक ना. तुका मेळ्ळ्या?"

जयवंत माणूस बोलका. सभेत उभे राहिले तर तासभर बोलायचे. इथे ती जाप, ते उत्तर, शोधत मान खाली घालून ते पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत राहिले. मला वाटलं, आता हे तसेच परत फिरणार आणि घरात एकेक करून सगळे भोपळे कुजणार.

मग ते म्हणाले, "दुदी कापपी."

"कितें?"

"तूं आमच्या घरचो दुदी कापपी. म्हाका दुसरें नाव येना, मामा. तूं येना म्हणून आमी कोणेंच दुदी खावंक ना. एक आज कुसलो. आवय तो मांडयेर घेवन बसल्या." ते एक पायरी वर चढले. "शब्द म्हजो वायट. तूं यो."

मामानं चष्मा काढून पुसला आणि एकदम खेकसला, "कोयत्याक धार काडल्या?"

"ना."

"ना म्हणटा! पेपर वाचपाक येता. धार काडपाक येना." त्यानं आतून आपला कोयता आणला आणि आमच्या पुढे होऊन गडगा ओलांडला. वय झालं होतं, त्यामुळे एक पाय वर टाकून जरा थांबावं लागलं. जयवंतनी हात पुढे केला. मामानं तो धरला.

गंगामाय उठून उभ्या राहिल्या होत्या. लुगडं बदललेलं, पाट मांडलेला, आणि त्यावर सगळ्यात मोठा भोपळा. त्यांनी कुंकवाचा करंडा आणला, मामाच्या कपाळाला बोट लावलं. त्यानं कोयता उचलून घाव घातला. भोपळा इतका सुकला होता की कोयता मध्येच अडकला. मामा ओढतोय, भोपळा सोडत नाही. शेवटी जयवंतनी दोन्ही हातांनी भोपळा धरला आणि मामानं मुसळानं कोयत्याच्या पाठीवर ठोकलं. कडकन दोन भकलं झाली.

आतला रंग पाहून मी श्वास सोडला. केशरी, दाट, कुठे डाग नाही. पण बिया पाहिल्या आणि सगळेच खाली वाकले. त्यांना आतल्या आतच कोंब फुटले होते. पांढरे, दोऱ्यासारखे, एकमेकांत गुंतलेले.

गंगामायनी हळूच एक बी उचललं. "हे रुजले मरे भितरच!"

"रुजतलेच," मामा म्हणाला. "तुझ्या झिलाक वेळ आसा. बियांक ना."

आता ते वाळवून ठेवायचा प्रश्नच नव्हता. मिरग यायचा होता, जमीन तापलेली, पण थांबून चालणार नव्हतं. कोंब न मोडता एकेक बी सोडवायला गंगामाय बसल्या. जयवंत आणि मामा फावडं घेऊन न्हाणीघरामागे गेले. मी चुलीकडे वळले. भोपळा किसून तुपावर परतला, त्यात गूळ विरघळू दिला, मिठाची कणी आणि वेलची टाकली, कोमट असतानाच त्यात मावेल तेवढं तांदळाचं पीठ आणि थोडी कणीक मळली. पाणी एक थेंब घालायचा नाही. भोपळा जुना असला की गूळही कमी लागतो. केळीच्या पानावर थापून खोबरेल तेलात सोडलेला पहिला घारगा टम्म फुगला आणि त्याचा वास बहुधा गडग्यापलीकडेही गेला. शांतामामी वाटी घेऊन हजर झाली. "हांवें म्हटलें, आमचो अर्दो दुदी पावलो ना, पळोवंया."

मागून खणण्याचा आवाज थांबला होता. त्याऐवजी दोघांचे आवाज येत होते.

"आतां राज्य जालें न्हय? मागीर शाळेंत भुरग्यांक कितें शिकयतले?"

"तूं आदीं फोंड खण, मामा."

"खणटां रे. पूण तूं जाप दी!"

शांतामामीनं कपाळावर हात मारून घेतला. "जालें सुरू."

मी गंगामायकडे पाहिलं. वाटलं, धावत जातील, मध्ये पडतील. त्या सुपात बिया मांडून बसल्या होत्या. कान देऊन त्यांनी क्षणभर ऐकलं, मग मला म्हणाल्या, "तारा, तांकां फोंडांतल्यान भायर काडूं नाका. घारगे थंयच व्हर." आणि परातीतला एक घारगा त्यांनी स्वतःसाठी उचलला, मोडला आणि फुंकर घालत खाऊ लागल्या.